चौतिसाव्या वर्षी एन्ड्युरन्स रेसिंग: पुण्यातून सुरुवात कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा. वय चौतीस, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, घरी बायको आणि लहान मुलगी. सुट्टीच्या दिवशी भाड्याच्या कार्टवर सराव चालतो, कोइम्बतूरला स्वतःची गाडी नेऊन ट्रॅक डेही झालेत. आता स्पोर्ट्स कार चालवायच्या आहेत, दुबईच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरायचंय, आणि मनात खोलवर फ्रान्समधली ले मान्सची शर्यत आहे. उशीर झालाय का? नोकरी सोडावी लागेल का? आणि पुण्यात राहून हे जमतं का?

मी पुण्याचाच. सलून गाड्यांपासून, म्हणजे शर्यतीसाठी बदललेल्या साध्या मोटारींपासून, सुरुवात केली, पुढे परदेशात लांब पल्ल्याच्या शर्यतींत हौशी ड्रायव्हर म्हणून बसलो. आता नोकरी-धंदा सांभाळून रेसिंग करणाऱ्यांना शिकवतो. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

उशीर अजिबात झालेला नाही. फॉर्म्युला वनचं स्वप्न असतं तर वयाच्या आठव्या वर्षी कार्टमध्ये बसायला हवं होतं, हे खरं. एन्ड्युरन्सचं, म्हणजे एकच गाडी काही ड्रायव्हरांनी आळीपाळीनं तासन्‌तास चालवण्याच्या शर्यतींचं, गणित मात्र वेगळं आहे. मोटरस्पोर्टच्या वरच्या पायरीवर हौशी ड्रायव्हरसाठी नियमानंच जागा राखून ठेवणारा हा प्रकार आहे. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए स्पोर्ट्स कारच्या ड्रायव्हरांची चार गटांत प्रतवारी करते: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ. ज्यानं पहिला रेसिंग परवाना तिशीनंतर काढला आणि ज्याच्या नावावर मोठी कामगिरी नाही, तो साधारणपणे ब्राँझमध्ये बसतो. जागतिक एन्ड्युरन्स मालिकेत २०२४पासून एलएमजीटी३ हा, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या जीटी३ रेसिंग गाड्यांचा, वर्ग आला. त्यात प्रत्येक गाडीत एक ब्राँझ ड्रायव्हर असावाच लागतो. एशियन ले मान्स मालिकेतही ब्राँझशिवाय गाडी उतरत नाही. म्हणजे संघाकडे कितीही पैसा असो, कितीही नावाजलेले व्यावसायिक ड्रायव्हर असोत, एक चांगला ब्राँझ सापडल्याशिवाय त्यांची गाडी सुरूच होत नाही. तुम्ही चौतिसाव्या वर्षी पहिला परवाना काढणार आहात, हे तुमचं बलस्थान आहे.

ही सवलत आजकालची नाही, हौशी माणसं या खेळाच्या पायातच आहेत. ले मान्सची २४ तासांची शर्यत १९२३ साली सुरू झाली. १९२७ची शर्यत डडली बेंजाफिल्ड आणि सॅमी डेव्हिस यांनी जिंकली. बेंजाफिल्ड पेशानं डॉक्टर, डेव्हिस पत्रकार. रात्री एका वळणावर मोठा अपघात झाला, त्यांच्या बेंटली संघाच्या तिन्ही गाड्या त्यात सापडल्या. या दोघांची गाडी वाकलेली होती, एक दिवा फुटलेला होता. तशीच ती त्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हाकली आणि जिंकून दाखवली. वुल्फ बार्नाटो हा खाणमालकाचा वारस. तो ले मान्सला तीनदाच उतरला, १९२८, १९२९ आणि १९३० साली, आणि तिन्ही वेळा जिंकला. अभिनेते पॉल न्यूमन चाळिशी उलटल्यावर रेसिंगमध्ये आले. १९७९ साली पोर्शे ९३५मध्ये ते ले मान्सला एकूण दुसरे आले आणि १९९५ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, अमेरिकेतल्या डेटोनाच्या २४ तासांत आपल्या वर्गात जिंकले. अलीकडचं उदाहरण बेन कीटिंगचं. टेक्सासात मोटारींच्या शोरूम चालवणारा माणूस, तिशी ओलांडल्यावर ट्रॅकवर आलेला. २०२२ साली ॲस्टन मार्टिनमधून आणि २०२३ साली कॉर्व्हेटमधून ले मान्सचा हौशी जीटी वर्ग त्यानं लागोपाठ दोनदा जिंकला. धंदा त्यानं सोडला नव्हता.

आपल्याकडचं पाहायचं तर करुण चंढोक २०१२ साली ले मान्सला उतरला आणि त्याची गाडी एकूण सहावी आली. तो अर्थातच पूर्ण वेळ व्यावसायिक. २०२१च्या एशियन ले मान्स मालिकेत नारायण कार्तिकेयन आणि अर्जुन मैनी यांच्याबरोबर नवीन राव नावाचे हौशी ड्रायव्हर एलएमपी२ या खास रेसिंगसाठीच बनवलेल्या गाडीत होते. तुमचा आदर्श तिथे आहे, त्या तिसऱ्या सीटवर. २०२५च्या जानेवारीत दुबईला अभिनेते अजित कुमार यांच्या संघाची पोर्शे '९९२' या वर्गात तिसरी आली, ती बातमी तुम्ही वाचली असेलच. त्या वेळी त्यांचं वय ५३ होतं.

आता मुद्द्यावर येतो. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवशी एकच विचारतो: माझा लॅप टाइम किती कमी होईल? त्याचा सगळ्यात वेगवान लॅप किती, यात मला फारसा रस नसतो. त्याचा सरासरी लॅप किती आणि सगळ्यात वाईट लॅप किती, हे मी आधी बघतो.

दुबई ऑटोड्रोम ५.३९ किलोमीटरचा आहे. जीटी३ गाडीत हौशी ड्रायव्हर तिथे साधारण दोन मिनिटांच्या आसपास फिरतो. समजा, एकाचा सर्वोत्तम लॅप २ मिनिटं, पण तासाभराच्या स्टिंटची, म्हणजे एका बैठकीत सलग चालवण्याच्या पाळीची, सरासरी २ मिनिटं ४ सेकंद. दुसऱ्याचा सर्वोत्तम लॅप २ मिनिटं १.५ सेकंद, सरासरी २ मिनिटं २.२ सेकंद. सरावाच्या कागदावर पहिला दीड सेकंदानं भारी. तीस लॅपचा स्टिंट संपला की दुसरा ५४ सेकंदांनी पुढे असतो. यात पहिल्यानं एकदाही गाडी गरकन फिरू दिली नाही असं धरलंय. स्पिन झाली तर वीस-तीस सेकंद जातात, टायर एका बाजूनं घासून चपटा होतो आणि उरलेला स्टिंट गाडी थरथरते. कुणाला घासून सस्पेन्शनचा एखादा आर्म वाकला आणि गॅरेजमध्ये दहा मिनिटं गेली, तर पाच लॅप गेले. ते पाच लॅप जगातला कुठलाही प्लॅटिनम ड्रायव्हर भरून काढू शकत नाही. व्यावसायिक आणि चांगला हौशी यांच्यात लॅपमागे दोन-तीन सेकंदांचा फरक राहणारच. संघानं तो आधीच हिशोबात धरलेला असतो. हिशोबाबाहेरच्या गोष्टी मात्र त्यांना परवडत नाहीत.

लॅप टाइम स्टिंटमध्ये का ढासळतात, ते समजून घ्या. टाकी भरलेली असताना गाडी जड असते. शंभर लिटर पेट्रोल म्हणजे पंचाहत्तर किलो. ते जळत जातं तशी गाडी हलकी होते, आणि त्याच वेळी टायर झिजत जातात. दोन्ही परिणाम बऱ्याच अंशी एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून जाणत्या ड्रायव्हरच्या लॅपचा आलेख जवळपास सपाट असतो. हौशी ड्रायव्हरचा आलेख ओळखू येतो. पहिले चार-पाच लॅप मंद, कारण टायर थंड आणि मनात धाकधूक. मग दहा-बारा लॅप सुरेख. मग कधीतरी डॅशवर स्वतःचा सर्वोत्तम लॅप दिसतो, हुरूप येतो, ब्रेक पाच मीटर उशिरा दाबला जातो, गाडी वळणाच्या आत शिरत नाही, एपेक्स, म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, चुकतो, बाहेर पडताना ॲक्सिलरेटर उशिरा मिळतो आणि पुढचा सगळा सरळ पट्टा हातचा जातो. त्याची भरपाई म्हणून पुढच्या वळणावर आणखी जोर. शेवटच्या दहा मिनिटांत लक्ष विरळ होतं आणि ब्रेकिंग पॉइंट न कळत अलीकडे सरकतात.

कोथरूडचे एक दंतवैद्य माझ्याकडे शिकायला होते. हात अतिशय हलका, गाडीची जाण उपजत. पण एकच लॅप झकास, पुढचा ढेपाळलेला. मी त्यांच्या डॅशवरचा लॅप टाइम काळ्या टेपनं झाकला आणि रेडिओवर त्यांना एकच गोष्ट सांगायची असं ठरवलं: ठरवलेल्या वेळेपेक्षा किती पुढे किंवा मागे. लक्ष्यही मुद्दाम त्यांच्या सर्वोत्तम लॅपपेक्षा सव्वा सेकंद मंद ठेवलं. दुसऱ्याच सत्रात त्यांचे लॅप अर्ध्या सेकंदाच्या पट्ट्यात आले, आणि मन मोकळं झाल्यावर तो पट्टाच हळूहळू खाली सरकला. वेग असाच येतो, आधी सातत्य पक्कं झाल्यावर.

हे तुम्ही या शनिवारी भाड्याच्या कार्टवर सुरू करू शकता. सलग वीस-पंचवीस लॅप मारा, छापील वेळा घरी आणा, सर्वोत्तम लॅपवर काट मारा. उरलेल्यांत तिसरा चांगला आणि तिसरा वाईट यांतलं अंतर मोजा. छोट्या कार्ट ट्रॅकवर ते तीन दशांश सेकंदाच्या आत आलं की पुढच्या पायरीचं बघू. तोवर महागड्या गाडीत पैसे घालू नका.

एन्ड्युरन्सचं दुसरं अंग म्हणजे ट्रॅफिक. दुबईला एका वेळी पन्नासहून अधिक गाड्या ट्रॅकवर असतात, आणि त्या एका वेगाच्या नसतात. जीटी३, पोर्शे कप, जीटी४, टूरिंग कार, सगळ्या एकत्र. तुमची सुरुवात जीटी४ किंवा टूरिंग कारमध्ये होईल, म्हणजे बराच वेळ तुम्हाला कुणीतरी ओलांडत असेल. नवखा ड्रायव्हर आरशात दिवे दिसले की घाबरून लाइन, म्हणजे ट्रॅकवरची नेहमीची वाट, सोडतो, बाजूला होऊन वाट देऊ पाहतो. अपघात होतात ते इथेच. लाइनबाहेर टायरचे रबराचे गोळे पसरलेले असतात, तिथे पकड नसते. आणि मागच्याला कळत नाही की हा कुठे चाललाय. आपली लाइन धरून ठेवा, नेहमीच्याच जागी ब्रेक दाबा, मागून येणाऱ्याला तुमचा अंदाज बांधू द्या. ओलांडण्याची जबाबदारी त्याची. सरळ रस्त्यावर अर्धा क्षण ॲक्सिलरेटर सैल केलात तर तो निघून जातो आणि तुमचे दोन-तीन दशांशच जातात. तेच वळणात झुंजत बसलात तर दोघांचाही सेकंद जातो, कधी कधी गाडीही.

रात्रीचा सराव इथे मिळत नाही, म्हणून आधीच सांगतो. दिवसा ज्या पाटीवर ब्रेक दाबता ती पाटी रात्री उशिरा दिसते किंवा मागच्या गाडीच्या दिव्यांत न्हाऊन निघते. रात्रीचे संदर्भ वेगळे ठरवावे लागतात: ट्रॅकच्या कडेच्या कर्बचा रंग कुठे सुरू होतो, डांबराचा जोड कुठे आहे, मार्शलच्या चौकीचा दिवा. आणि नजर दिव्यांच्या झोताच्या टोकाला अडकू द्यायची नाही, वळण जिथे उघडणार तिकडे ती आधीच पोचली पाहिजे. दुबईची शर्यत ज्या मालिकेत येते तिच्यात कोड ६० नावाचा नियम आहे. अपघात झाला की जांभळा झेंडा दिसतो आणि सगळ्या ट्रॅकवर सगळ्यांनी ताशी ६० किलोमीटर वेगानंच जायचं. त्या वेळात पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघांच्या जागेत, येऊन इंधन भरलं तर कमी नुकसान होतं, म्हणून संघ झटकन निर्णय घेतो. रेडिओवर 'पिट, पिट' ऐकलं की प्रश्न विचारायचा नाही, आत यायचं.

आता एक गोष्ट जी हौशी ड्रायव्हर नेहमी दुय्यम समजतात: ड्रायव्हर बदल. सेकंद मिळवायला सगळ्यात स्वस्त जागा हीच. हे इतकं महत्त्वाचं आहे की भोसरीतल्या एका शेडमध्ये मी जुनी रेसिंग सीट, रोल केजचा तुकडा आणि सहा पट्ट्यांचा हार्नेस लोखंडी सांगाड्यावर बसवून घेतलाय. तिथे लोकांकडून हे पुन्हा पुन्हा करून घेतो, पूर्ण सूट आणि हेल्मेट घालून.

क्रम असा. पिट लेनमध्ये शिरताना वेग बांधून ठेवणाऱ्या लिमिटरचं बटण. बॉक्समध्ये, म्हणजे आपल्या संघाच्या ठरलेल्या जागेवर, गाडी थांबली की इंजिन बंद. स्टिअरिंग काढून डॅशवर. मग रेडिओची वायर आणि पाण्याची नळी उपसायची, खिडकीची जाळी सोडायची, हार्नेसचं बक्कल फिरवायचं. पट्ट्या बाहेरच्या बाजूला फेकायच्या, नाहीतर पुढचा माणूस त्यांच्यावरच बसतो आणि त्या खालून ओढून काढण्यात दहा सेकंद जातात. उतरताना उंची वेगळी असेल तर आपली सीटमधली गादी आपणच ओढून न्यायची. आत बसणारा आधी ढुंगण टेकवतो, मग पाय आत. उतरलेला ड्रायव्हरच त्याला बांधतो, कारण त्याला आतली जागा ठाऊक असते. कमरेची पट्टी सगळ्यात आधी, आणि ती हाडावर खाली घट्ट बसली पाहिजे, पोटावर नाही. मग मांडीमधल्या. मग खांद्याच्या, हान्सच्या (मान सांभाळणाऱ्या खांद्यावरच्या चौकटीच्या) बरोबर वरून. एका बाजूची खांद्याची पट्टी हान्सवरून घसरलेली राहिली तर धडकेत मानेला आधार मिळत नाही, म्हणून बांधणाऱ्यानं हात फिरवून तपासायचं. रेडिओ, पाणी, जाळी, स्टिअरिंग खटकन बसल्याचा आवाज, आणि छतावर दोन थापा. चार जण मिळून हे नीट बसवलेल्या संघाला टायर बदलायला लागतो तेवढा वेळ पुरतो. दुबईला इंधन बॉक्समध्ये भरत नाहीत, वेगळ्या सामायिक पंपांवर भरतात, त्यामुळे बॉक्समधला वेळ ड्रायव्हर बदलावरच ठरतो. घाई कुठे करायची आणि कुठे अजिबात नाही, हे हातांना पाठ झालं पाहिजे.

पुण्यातून वाट कशी काढायची? आपल्याकडे चाकण आहे, पिंपरी-चिंचवड आहे, गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय ही संस्था आहे, गाड्यांबद्दल जाणणारी माणसं गल्लोगल्ली आहेत. शहरात रेसिंगचा मोठा ट्रॅक मात्र नाही. कार्टिंगसाठी कोल्हापूर गाठा, मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत आणि पहाटे निघालं तर हायवेनं चार तासांत पोचता. मोठ्या गाड्यांसाठी ही तीन ठिकाणं बघा: कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा कारी स्पीडवे, एस. करिवर्धन यांच्या नावाचा. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक; आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, पाच किलोमीटरहून थोडा लांब, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली. माझं मत विचाराल तर शिकण्यासाठी चेन्नई सर्वांत चांगला. वेगवान वळणं आहेत, चूक लपत नाही, आणि तिथला उकाडा सहन झाला तर दुबईची जानेवारी सोपी वाटते.

परवाना एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचा. मान्यताप्राप्त प्रशिक्षण, वैद्यकीय तपासणी आणि अर्ज, एवढंच त्याचं स्वरूप. परदेशी शर्यतीसाठी आंतरराष्ट्रीय परवानाही तीच संस्था देते, आणि बाहेर उतरण्याआधी तिची परवानगी लागते. ती शेवटच्या आठवड्यात मागू नका. एफआयएच्या प्रतवारीचा अर्जही वेगळा आणि वेळेत करायचा असतो.

पहिला हंगाम कशात करावा? फोक्सवॅगननं २०१० साली पोलो कप सुरू केला तेव्हापासून आपल्याकडे एकाच प्रकारच्या सलून गाड्यांच्या शर्यतींची सवय झाली, आणि नोकरदार माणसाला भाड्यानं सीट घेऊन उतरायला तो प्रकार सोयीचा आहे. तरी माझा आग्रह वेगळा असतो. एक हंगाम एलजीबी फॉर्म्युला ४ या एकाच सीटच्या, उघड्या चाकांच्या रेसिंग गाडीत काढा. स्विफ्टचं इंजिन, पंख नाहीत, एबीएस नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. ब्रेक जरा जास्त दाबला की चाक जाम होऊन धूर निघतो, आणि ते तुम्हाला समोर दिसतं, कारण पुढची चाकं उघडी असतात. पायाला जी अक्कल तिथे येते ती पुढे जीटी४मध्ये उपयोगी पडते. तिथे एबीएस असूनही ब्रेक सोडण्याची पद्धत तुमचीच असते, आणि वळणात शिरताना गाडी कशी बसते ते ब्रेक सोडण्यावरच ठरतं.

सिम्युलेटर जरूर घ्या, पण लोड सेलचा, म्हणजे पायाचा जोर मोजणारा, ब्रेक पेडल असलेला. रेसिंग गाडीत पेडलवर पन्नास-साठ किलोचा जोर सहज द्यावा लागतो, आणि साध्या पेडलवर सराव केला तर पाय खोटं शिकतो. दुबई किंवा अबू धाबीच्या यास मरीना ट्रॅकच्या वळणांची ओळख, ट्रॅफिकमध्ये राहायची सवय, तासभर सलग एकाग्रता, एवढं सिम्युलेटरवर उत्तम होतं. भीती, उकाडा आणि गाडी सरकल्याची कमरेला होणारी जाणीव तिथे मिळत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो. ताम्हिणी, लवासाचा रस्ता, एक्स्प्रेस वे, यातलं काहीही सरावाची जागा नाही. समोरून येणाऱ्या एसटीतल्या माणसांनी तुमच्या शर्यतीत नाव नोंदवलेलं नसतं. शिवाय रस्त्यावर कुणीच मर्यादेपर्यंत जात नाही, त्यामुळे शिकायलाही काही मिळत नाही. माझ्याकडे कुणी घाटातल्या वेगाचे व्हिडिओ दाखवत आला तर मी त्याला शिकवत नाही.

शरीराकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. बंद गाडीच्या केबिनमध्ये तापमान ५० अंशांच्या वर जातं, अंगावर तीन थरांचा अग्निरोधक सूट, आतून अग्निरोधक कपडे, डोकं-चेहरा झाकणारा बालाक्लाव्हा, हेल्मेट. तासात लिटरभर घाम सहज जातो. आणि पाणी कमी झालं की पहिली गोष्ट बिघडते ती निर्णयक्षमता, ते स्वतःला कळतही नाही. ले मान्सच्या नियमानुसार कुणालाही सहा तासांच्या अवधीत चार तासांपेक्षा जास्त आणि एकूण चौदा तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही, ते याचमुळे. जिममध्ये दंड फुगवून उपयोग नाही. आठवड्यातून दोनदा तळजाईवर पळा, रविवारी सिंहगड चढा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात संध्याकाळी लवकर, पाणी सोबत घेऊन, डॉक्टरांना विचारून हळूहळू उकाड्याची सवय करा. मानेचे व्यायाम रोज. रात्री तीनला उठून अर्ध्या तासात पूर्ण सावध होण्याचा सरावही करून बघा, कारण तुमचा स्टिंट त्याच वेळी येणार आहे. हौशी ड्रायव्हरला रात्रीचा मधला तुकडा बऱ्याचदा मिळतो.

पैशांबद्दल स्पष्ट बोलू. परवाना हजारांत होतो, देशातला हंगाम लाखांत, दुबईसारखी सीट दहा-दहा लाखांच्या पटीत, आणि ले मान्स कोटींत. म्हणून नोकरी सोडू नका. हौशी ड्रायव्हरची कारकीर्द त्याच्या पगारावर किंवा धंद्यावर उभी असते. आधार काढून घेतलात तर दोन हंगामांत सगळं आटोपतं, आणि मधल्या काळात तुम्ही पैशाच्या दडपणाखाली गाडी चालवता, तेही धोक्याचं. घर गहाण, शिक्षणाच्या ठेवी, यांना हात लावायचा नाही. बायकोला आकडे पहिल्या दिवसापासून दाखवा. विम्याचे कागद काढून वाचा: गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत बसत नाही, आणि आरोग्य व आयुर्विम्याच्या वगळलेल्या बाबींत मोटर रेसिंगचा उल्लेख असू शकतो. काय झाकलं जातं ते कंपनीकडून लेखी घ्या. प्रायोजक मिळवायचा तर मोठ्या ब्रँडच्या मागे धावण्यापेक्षा चाकण-भोसरीतल्या सुट्या भागांच्या मध्यम कारखानदारांकडे जा. त्यांना निर्यातीसाठी परदेशी ग्राहकांना भेटायचं असतं, आणि दुबईच्या पॅडॉकमध्ये, म्हणजे गॅरेजमागच्या संघांच्या आवारात, दोन दिवस पाहुणे म्हणून बसवायची सोय ही त्यांच्या उपयोगाची गोष्ट आहे.

वेळेचा अंदाज असा धरा: एक वर्ष कार्ट आणि प्रशिक्षण, दोन हंगाम देशात, मग परदेशात सुरुवातीला बारा तासांची किंवा त्याहून छोटी शर्यत, त्यानंतर दुबईचे २४ तास. ले मान्सचा विचार त्यापुढे. एशियन ले मान्सच्या विजेत्यांना तिथलं निमंत्रण मिळतं, त्यामुळे वाट आशियातूनच जाते. चाळिशीच्या आसपास तुम्ही तिथे पोचाल, आणि ब्राँझ ड्रायव्हरसाठी ते अगदी ऐन उमेदीचं वय आहे.

परदेशी संघ निवडताना गाडी किती नवीन आणि ट्रक किती चकचकीत, हे बघू नका. पैसे भरण्याआधी या गोष्टी करारात लिहून घ्या. अपघात झाला तर नुकसानीची तुमची कमाल जबाबदारी किती, आणि दुसऱ्याच्या चुकीनं झालं तर किती. तुम्हाला कमीत कमी किती तास चालवायला मिळणार, आणि गाडी आघाडीवर असली तर ते कमी करणार का. सरावात किती लॅप तुमचे. सोबतचे ड्रायव्हर कोण, आणि त्यातला व्यावसायिक आपला डेटा उघडून तुमच्याशेजारी बसणार का. या शेवटच्या प्रश्नाला जो संघ मोकळेपणानं हो म्हणतो, त्याच्याकडे थोडे जास्त पैसे गेले तरी जा. त्याच्या ब्रेकच्या आणि तुमच्या ब्रेकच्या रेषा एकमेकींवर ठेवून बघितलेली एक संध्याकाळ इथल्या अख्ख्या हंगामाइतकं शिकवते. जाताना तुमच्या वीस-पंचवीस लॅपच्या छापील वेळा सोबत न्या. संघाचा इंजिनीअर तुमच्या सर्वोत्तम लॅपआधी त्यातला पट्टा बघेल.